कांद्यावर फुलकिडे : किती दिसले की औषध मारायचं?

भीमाकाठ | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, खेड तालुक्यात आमचा दीड एकर रब्बी कांदा आहे. रोपं डिसेंबरच्या शेवटी लावली, म्हणजे आता दीड महिना होत आला. मी नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवार गावी. शेत आबा बघतात आणि आबांचं फवारणीचं गणित ठरलेलं आहे: दर दहा दिवसांनी एक हात, कीड असो वा नसो. दुकानातून जी बाटली मिळेल ती, सोबत बुरशीनाशक, एखादं टॉनिक आणि स्टिकर (औषध पातीला चिकटून राहावं म्हणून घालतात तो). मागच्या हंगामाच्या पावत्या जुळवल्या तर औषधांचा खर्च खतांच्या पुढे गेलेला. चाकणच्या बाजारात कांदा विकून पट्टी काय हातात पडली ते सांगत बसत नाही.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत वाचलं की झाडामागे सरासरी ३० फुलकिडे झाले की फवारणी करावी. आज भिंग घेऊन वाफ्यात बसलो. वीस झाडं मोजली, सरासरी २२ आली. आबा म्हणाले, "बावीस दिसतायत ना? मग वाट कसली बघतोस?"

तर प्रश्न असे. हा ३० चा आकडा कुठून आला? आमच्या रानाला तो जसाच्या तसा धरायचा का? भाव पडला की तो बदलतो का? आणि मुख्य म्हणजे उद्या संध्याकाळी मी पुण्याला निघणार, पुढच्या शनिवारपर्यंत कोणी मोजणार नाही. २२ वर थांबू की मारू?

गरवा_कांदा | शनिवार, रात्री १०.०५

चांगला धागा. रुमाल टाकून ठेवतो, पण आधी एक सांगा: मोजलं कसं? वरवर पात बघून की पोगा उलगडून? फुलकिड्यांची पिल्लं फिकट पिवळी, सुईच्या टोकाएवढी. ती मधल्या कोवळ्या पातींच्या बेचक्यात, मानेपाशी दाटीने बसलेली असतात. वरून बघणाऱ्याला पाच दिसतात तेव्हा आत पंचवीस असतात. मी दोन्ही अंगठ्यांनी पात हळूच फाकवतो, आतले मोजतो, मग खाली पांढरा कागद धरून झाडाला दोन टिचक्या मारतो. हे सगळं सकाळी. ऊन चढलं की मोठे फुलकिडे चपळ होतात, मोजता मोजता दुसऱ्या पातीवर उडी.

आम्ही जुन्नरकडचे. आमच्याकडेही दहा दिवसांचंच वेळापत्रक चालतं, खोटं कशाला बोलू.

भीमाकाठ | शनिवार, रात्री १०.२०

पोगा फाकवूनच मोजलं. कागदाची युक्ती माहीत नव्हती, उद्या करतो.

सेवा_केंद्र | शनिवार, रात्री ११.१०

माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे आता मला शिव्या पडणार हे धरूनच लिहितो. गिऱ्हाईक दुकानात येतं ते "थ्रिप्ससाठी (म्हणजे याच फुलकिड्यांसाठी) काहीतरी कडक द्या" म्हणत. झाडावर किती आहेत, किती दिवसांचं पीक आहे, मागचा हात कशाचा होता, यातलं काहीही विचारलं तर "तुम्ही द्या हो" हे उत्तर. आणि जो खरोखर वाट बघतो तो येतो तेव्हा पात पांढरी पडलेली असते. मग दोन औषधं एकत्र करूनही फरक पडत नाही आणि बाटली नकली होती म्हणून बोल आम्हाला. ज्याला मोजायचं नाही त्याच्यासाठी दहा दिवसांचं वेळापत्रक हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे, हे कटू वाटलं तरी खरं आहे.

मोजपट्टी | रविवार, सकाळी ७.१५

सेवा_केंद्र यांचं पहिलं निम्मं पटतं. दुसऱ्या निम्म्याकडे नंतर येतो. मी कीड सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा विचार १९५९ चा. कॅलिफोर्नियात लसूणघासावर ठिपकेदार मावा आला होता. औषधं मारून मारून तो मावा दाद देईना आणि त्याला खाणारे किडे मात्र मरून गेले. तेव्हा स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघा कीटकशास्त्रज्ञांनी मांडलं की पिकावर कीड असणं आणि त्या किडीमुळे खिशाला चाट बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी दोन रेषा आखल्या. वरची रेषा म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी: किडीमुळे जाणाऱ्या मालाची किंमत इथे फवारणीच्या खर्चाइतकी होते. खालची रेषा आपण हात उचलायची. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून उपयोग नाही, वर यायला लागलं की करावा लागतो. औषध आणायचं, माणूस मिळायचा, औषधाचा गुण यायचा, तोवर कीड वाढतच असते. तेवढं अंतर दोन रेषांमध्ये सोडलेलं असतं. पुस्तिकेत छापतात ती ही खालची रेषा, बोलताना आपण तिलाच ईटीएल म्हणतो.

आपल्याकडे हे कागदावरून शिवारात उतरलं ते बऱ्याच अंशी २००८ च्या खरिपानंतर. त्या वर्षी सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी मोठा फडशा पाडला आणि २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या गावात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने मोजायचं आणि आकडा रेषेच्या वर गेला तरच सल्ला सोडायचा.

आता तुमचा दुसरा-तिसरा प्रश्न. वरच्या रेषेचं गणित साधं आहे. फवारणीचा एकरी खर्च घ्या, त्याला मालाच्या भावाने भागा. जे क्विंटल येतील तेवढं नुकसान टळलं तरच फवारणी फिटली. उदाहरणादाखल एकरी १०० क्विंटल माल, भाव क्विंटलला १,२०० रुपये आणि औषध-मजुरी मिळून एकरी १,५०० रुपये धरू. भागाकार सव्वा क्विंटल. पण औषध शंभर टक्के नुकसान कधीच वाचवत नाही. ७० टक्के वाचवतं असं धरलं तर सव्वाला ०.७ ने भागायचं, म्हणजे साधारण १.८ क्विंटल. एवढा माल जाण्याइतकी कीड नसेल तर तुम्ही खिशातले पैसे फवारताय. आता भाव ६०० वर आणा: ३.६ क्विंटल. भाव २,४०० वर न्या: ०.९ क्विंटल. म्हणजे भाव पडला की रेषा वर सरकते, जास्त कीड सोसायची. भाव चढला की ती खाली येते. छापील ३० ही सुरुवात समजा.

गरवा_कांदा | रविवार, सकाळी ७.५०

सर, गणित कळलं, पण यात भाव कुठला धरायचा? माझा माल साठवणीच्या चाळीत जातो. मे महिन्यात भरतो आणि सप्टेंबरपर्यंत बघत बसतो. फेब्रुवारीत फवारताना सप्टेंबरचा भाव दिल्लीत बसलेल्यांनाही माहीत नसतो. निर्यातीचं एक परिपत्रक निघालं की तुमची रेषा एका रात्रीत वर!

मोजपट्टी | रविवार, सकाळी ८.१०

रास्त आहे. मी दोनदा गणित मांडायला सांगतो, एकदा आठवणीतल्या पडत्या भावाने आणि एकदा चांगल्या भावाने. दोन्हीत "मारू नका" निघालं तर विषय संपला. दोन्हीत "मारा" निघालं तरी संपला. मधे अडकलात तरच डोकं खाजवायचं, आणि तेव्हा भावापेक्षा पिकाची अवस्था बघायची.

इंद्रायणी_भात | रविवार, सकाळी ८.४५

अवस्थेच्या मुद्द्याला मावळातून +१. भातावर खोडकिड्याची रेषा चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा ५ टक्के गाभेमर (मधला पोंगा वाळणं) अशी सांगतात. पण फुटवे फुटायच्या काळात दोन-चार पोंगे वाळले तर भात नवे फुटवे काढून भरपाई करतो. तोच किडा लोंबी बाहेर पडताना आला तर प्रत्येक फुटव्यामागे एक पांढरी लोंबी, दाणा शून्य. तिथे भरपाईला वेळच उरत नाही. आमच्या गावात मात्र उलटं चालतं. लावणीनंतर पंधरवड्यात गाभेमर दिसली की सगळे पंप घेऊन धावतात आणि पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या आधी, बघायला कोणी जात नाही.

सदाशिवपेठी | रविवार, सकाळी ९.३०

शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही, संख्याशास्त्र शिकवण्यात हयात गेली. सरासरी २२ म्हणालात. वीस झाडांचे वीस आकडे कुठे आहेत? सरासरी सांगून आकडे लपवणं हा आमच्याकडे गुन्हा धरतात.

भीमाकाठ | रविवार, सकाळी ९.५५

लपवले नाहीत काका, वहीत आहेत. घ्या. बांधाकडच्या दोन वाफ्यांतली पाच झाडं: ५८, ४७, ५१, ४४, ६२. आतल्या वाफ्यांतली पंधरा: ९, १४, ६, ११, १७, ८, १२, १५, १०, १३, ७, १९, १२, ११, १४.

सदाशिवपेठी | रविवार, सकाळी १०.०५

बघा. कडेची सरासरी ५२ च्या वर, आतली १२ च्या आत. तुमच्या रानात २२ कुठेच नाही. कडेला कीड रेषेच्या कितीतरी पुढे गेलीय, आत रेषेच्या निम्म्यावरही नाही, आणि तुम्ही दोन्हींचं मिश्रण करून एकच निर्णय घ्यायला निघालात.

मोजपट्टी | रविवार, सकाळी १०.२०

काका, तुम्ही शेतीत यायला हवं होतं.

भीमाकाठ, त्या बांधाच्या पलीकडे काय आहे?

भीमाकाठ | रविवार, सकाळी १०.३०

चुलत्यांचं रान. त्यांचा रांगडा कांदा होता, मागच्या आठवड्यात काढला. पात अजून तिथेच पसरलीय.

मोजपट्टी | रविवार, सकाळी १०.४५

मग झालं. शेजारचा कांदा उपटला की त्यावरचे फुलकिडे उपाशी बसत नाहीत, पहिली हिरवी पात दिसेल तिथे उतरतात. म्हणूनच संचालनालयाची शिफारस आहे की लागवडीच्या महिनाभर आधी प्लॉटच्या कडेने मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गहू, अशी भिंत उभी करावी. फुलकिडे उडण्यात कच्चे, वाऱ्याबरोबर वाहत येतात आणि मक्याला अडतात. यंदा ती वेळ गेली.

माझं मत: आजच कडेचे दोन-तीन वाफे मारून घ्या, आतले सोडा. औषध चुलत्यांच्या पातीवर वाया घालवू नका, ती पात मात्र गोळा करून खड्ड्यात घालायला सांगा. मारताना नोझल मानेकडे धरा आणि पाणी पुरेसं वापरा. कांद्याच्या पातीवर मेण असतं, थेंब टिकत नाही, म्हणून स्टिकर इथे खरंच लागतो. टॉनिकाचं मी काही बोलत नाही. मागचा हात ज्या रासायनिक गटाचा होता तो गट पुन्हा नको. लेबलवर गट लिहिलेला असतो, तो वाचा. नावं वेगळी आणि आतलं औषध एकाच गटाचं असं सर्रास होतं.

आता राहिला तुमचा शनिवारचा प्रश्न, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुढची मोजणी तीन दिवसांनी होणार असेल तर आतल्या भागासाठी ३० ची रेषा ठीक. सात दिवसांनी होणार असेल तर ती २० च्या आसपास आणावी लागेल, कारण कोरड्या गरम हवेत हे पोरगं आठवड्यात कुठल्या कुठे जातं. मोजणारा माणूस जितका लांब, तितकी रेषा खाली. जो अजिबातच मोजत नाही त्याची रेषा शून्यावर येते, आणि सेवा_केंद्र म्हणतात ते दहा दिवसांचं वेळापत्रक म्हणजे तीच शून्याची रेषा. म्हणून मी त्याला सुरक्षित म्हणणार नाही, महाग म्हणेन.

सेवा_केंद्र | रविवार, सकाळी ११.३०

मान्य, महाग आहे. पण मोजणारा आणायचा कुठून तेवढं सांगा. एका मजुराची अर्ध्या दिवसाची हजेरी मोजण्यावर कोण घालवतो?

गरवा_कांदा | रविवार, सकाळी ११.४०

वीस झाडांना अर्धा दिवस लागत नाही हो. सवय झाली की अर्ध्या तासाच्या आत होतं. माझी सून करते, मोबाइलमध्ये टिपते. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, चष्मा न लावता पिल्लू दिसतं तिला.

उसाचा_फड | रविवार, दुपारी १२.१५

इंदापूरकडून लिहितोय. किडीच्या संख्येबरोबर तिला खाणारे किती, हेही मोजा असं सांगायचं आहे. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हा हाहाकार माजला होता. पानाखाली पांढरी लोकर, खालच्या पानांवर काळी बुरशी. दहा फूट वाढलेल्या फडात घुसून फवारायचं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ, तरी लोक फवारत होते. शेवटी आटोक्यात आणलं ते डिफा आणि मायक्रोमस या भक्षक किड्यांनी. ज्यांनी डिफाच्या अळ्या दिसल्यावर हात आवरला त्यांच्याकडे त्या वाढल्या, ज्यांनी औषध मारलं त्यांच्याकडे आधी डिफा मेला. भीमाकाठ, कांद्यावर ढालकिडे, कोळी, क्रायसोपा या भक्षक किड्याची हिरवट अंडी दिसतात का बघा. असतील तर ३० वर दोन-चार दिवस जास्त धीर धरता येतो.

पॉली_मावळ | रविवार, दुपारी १.५०

तुमची चर्चा वाचून हेवा वाटतो. आमचं गुलाबाचं पॉलीहाऊस, फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनची तोड. इथे लाल कोळी पानावर दिसला की माल दुय्यम प्रतीत जातो. उत्पादन तेवढंच राहतं, दांडी तेवढीच लांब, पण पानावर ठिपके पडले की घेणारा नाक मुरडतो. मोजपट्टी सरांच्या गणितात "एका किडीमागे किती क्विंटल गेले" याच्या जागी "एका ठिपक्यामागे किती भाव गेला" असं घालावं लागतं आणि मग रेषा जवळजवळ जमिनीला टेकते. द्राक्षवाल्यांचंही तेच. घडात पिठ्या ढेकूण निघाला तर पेटी परत, आणि औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तरी पेटी परत. दोन्ही बाजूंनी फास.

मोजपट्टी | रविवार, दुपारी २.१०

बरोबर. जिथे माल दिसण्यावर विकतो तिथे कमी कीडही महाग पडते. आणि जिथे कीड रोगाची वाहक आहे तिथे तर रेषा आखून उपयोगच नाही. नारायणगावकडच्या टोमॅटोवाल्यांना विचारा, पांढरी माशी किती झाली की फवारायचं. रोपवाटिकेतच चार माशा विषाणू टोचून गेल्या की पुढे कितीही मारा. तिथे रोप जाळीत वाढवणं हाच उपाय. कांद्यालाही फुलकिड्यांमार्फत एक विषाणू येतो, पातीवर आणि डेंगळ्यांवर (फुलांच्या दांड्यांवर) वाळल्या गवताच्या रंगाचे शंकरपाळ्याच्या आकाराचे डाग पडतात. बियाण्यासाठी कांदा लावणाऱ्यांनी म्हणून ३० ची वाट बघू नये. मात्र डेंगळ्यांवर फुलं उमलली की हात आवरा, मधमाशी मेली तर बी भरणार नाही.

मक्याची_कणसं | रविवार, दुपारी ३.००

शिरूरहून. मक्यावर लष्करी अळीसाठी आमच्या गटात सांगतात की रोपं लहान असताना ५ टक्के झाडं लागलेली दिसली की फवारा, पोंगे मोठे झाल्यावर १० टक्के चालतात. मी वीस झाडं बघतो. एकावर दिसली की ५ टक्के, दोनांवर दिसली की १०. बरोबर ना?

सदाशिवपेठी | रविवार, दुपारी ३.२५

बरोबर नाही. शेतात खरोखर ५ टक्के झाडं लागलेली असतील तर वीस झाडांत एकही न सापडण्याची शक्यता ३६ टक्के आहे. म्हणजे तीनांतून एकदा तुम्ही "स्वच्छ आहे" म्हणत घरी जाणार. आणि त्याच शेतात दोन किंवा जास्त सापडण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारांतून एकदा १० टक्के समजून घाबरणार. टक्केवारीवर निर्णय घ्यायचा तर निदान शंभर झाडं बघा, पाच ठिकाणी वीस-वीस. कांद्यात प्रत्येक झाडावर संख्या मोजतायत, म्हणून वीस झाडांत काम भागतं. मक्यात तुम्ही फक्त हो-नाही मोजताय.

मक्याची_कणसं | रविवार, दुपारी ३.३०

आयला. वाचनखूण साठवली.

जास्वंद | रविवार, सायंकाळी ५.४०

अवांतर आहे, क्षमस्व. कोथरूडला गच्चीत आठ-दहा कुंड्या आहेत. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आलाय. त्याची काही रेषा?

गरवा_कांदा | रविवार, सायंकाळी ६.०५

ताई, तुमच्या जास्वंदीला बाजारभाव नाही, त्यामुळे रेषाही नाही. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, आठवड्यातून दोनदा. जास्त भरलेली फांदी छाटून पिशवीत बांधून टाका. आणि कुंडीत मुंग्यांची रांग असेल तर ती आधी थांबवा, त्याच पिठ्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

पॉली_मावळ | रविवार, रात्री ९.१५

अजून एक खर्च कोणी धरला नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळला कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. आपण एकरी १,५०० धरतो त्यात पंप पाठीवर घेणाऱ्याचं अंग धरलेलं नसतं. आमच्याकडे फवारणीवाल्याला हातमोजे-मास्क दिले तर तो गरम होतं म्हणून काढून ठेवतो. पण एक फवारणी कमी झाली तर तेवढं तरी विष त्याच्या पोटात जायचं वाचतं.

भीमाकाठ | बुधवार, रात्री ८.३०

ताजी खबर. रविवारी कडेचे तीन वाफे मारून निघालो. आबा वैतागले होते, "अर्धवट फवारणी कोणी करतं का" म्हणाले. आज दुपारी त्यांचाच फोन. भिंग घेऊन स्वतः मोजून आले. कडेला सरासरी १८, आत १५. आणि म्हणाले, ढालकिडे आतल्या वाफ्यांत बरेच आहेत, कडेला एकही नाही.

उसाचा_फड | बुधवार, रात्री ८.५०

कडेला कसे असतील, औषध खाऊन गेले.

मोजपट्टी | बुधवार, रात्री ९.१०

आत १२ वरून १५, तीन दिवसांत. फार नाही. हवा कशी आहे? आकाश निरभ्र आणि वारा कोरडा असेल तर शनिवारी पुन्हा बघा. तुषार सिंचन असेल तर एक पाणी त्यातून द्या, पातीवरची बरीच पिल्लं धुऊन जातात. जोराचा पाऊस झाल्यावर फुलकिडे कमी होतात ते याचमुळे. फक्त संध्याकाळी देऊ नका, रात्रभर पात ओली राहिली की करप्याला, म्हणजे पातीवरच्या बुरशीला, आमंत्रण.

भीमाकाठ | शनिवार, सायंकाळी ६.२०

तुषार नाही, ठिबक आहे. आज मी मोजलं: आत २६, कडेला २१. पीक पन्नास दिवसांच्या पुढे, गाठ धरायला लागलीय. आता?

गरवा_कांदा | शनिवार, सायंकाळी ६.३५

मी मारेन. कांदा पोसायला लागलाय आणि तुम्ही उद्या जाताय. इथून पुढचे तीन-चार आठवडे पात जेवढी हिरवी तेवढं वजन.

मोजपट्टी | शनिवार, सायंकाळी ७.००

सहमत. १५ वरून २६ ही चढण बघा, उगाच ३० च्या छापील आकड्याला चिकटून बसू नका. याच्यापुढे सगळ्यात नाजूक काळ आहे. शिवाय फुलकिड्यांनी खरवडलेल्या पातीतून जांभळा करपा आत शिरतो, तो खर्च वेगळा. वेगळ्या गटाचं एक औषध, एकटंच. मारल्यावर तीन-चार दिवसांनी आबांना मोजायला सांगा. कोष जमिनीत असतात, त्यातून नवे मोठे फुलकिडे निघतात. त्यामुळे थोडे दिसणारच, तेवढ्यावर लगेच दुसरा हात नको.

सेवा_केंद्र | शनिवार, रात्री ८.१५

एक विनंती. दुकानात जाताना वहीचं ते पान घेऊन जा, आणि मागच्या बाटलीचा फोटो. असं गिऱ्हाईक आलं तर मी तरी चुकीचं औषध देणार नाही. देऊच शकणार नाही.

भीमाकाठ | एप्रिल, रविवार, दुपारी १२.४०

धागा वर काढतोय. फेब्रुवारीतल्या त्या हातानंतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक, असे पूर्ण प्लॉटला दोनच झाले, आणि कडेला तो एक. आता माना पडायला लागल्यात, चारांतली एक पडली असेल. पोग्यात आज ३५-४० फुलकिडे आहेत. आबा विचारतायत, शेवटचा एक हात मारून घेऊ का? "बघवत नाही" म्हणाले.

मोजपट्टी | एप्रिल, रविवार, दुपारी १.०५

नको. मान पडायला लागली म्हणजे पातीचं काम उरकत आलं, आता फुलकिडे चारशे झाले तरी वजनात फरक पडायचा नाही. रेषा या टप्प्यावर संपते. वर काढणी तोंडावर आहे, औषध आणि काढणी यांत ठेवायचा काळही उरत नाही. निम्म्या माना पडल्या की काढायला घ्या.

गरवा_कांदा | एप्रिल, रविवार, दुपारी १.२०

पाणी तोडलंत का? काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस तोडावं लागतं, नाहीतर चाळीत सडतो. आणि काढल्यावर पात बांधावर टाकू नका, चुलत्यांचं पुढचं पीक काय आहे ते विचारा आधी.

भीमाकाठ | एप्रिल, रविवार, दुपारी १.४५

पाणी परवाच तोडलं. चुलते मका करतायत, कडेच्या चार ओळी आमच्या बांधाला लागून घ्या म्हटलं तर हसले, पण हो म्हणाले.